गिट वर्कट्री: एकच रेपो, अनेक फोल्डर, आणि अर्धवट काम न हलवता दुसरं काम

तुम्ही एका फीचरवर काम करताय, पंधरा-वीस फाइल्स अर्धवट बदललेल्या आहेत, दोन-चार नवीन फाइल्स अजून ॲड पण केलेल्या नाहीत, आणि तेवढ्यात मेसेज येतो की प्रॉडक्शनवर पेमेंट अडकतंय, आधी ते बघ. मग आपण काय करतो? गिट स्टॅश मारतो, म्हणजे अर्धवट बदल तात्पुरते बाजूला ठेवतो, मेन ब्रँचवर जातो, बग शोधतो, फिक्स पुश करतो, परत आपल्या ब्रँचवर येतो, स्टॅश पॉप करतो, म्हणजे ते बदल परत काढतो, आणि मग पाच मिनिटं स्क्रीनकडे बघत बसतो की नेमकं कुठं होतो आपण.

माझ्या बाबतीत हे एकदा चांगलंच महागात पडलं असतं. मी साधा गिट स्टॅश केला होता, आणि साधा स्टॅश नवीन फाइल्सना, म्हणजे गिटला अजून माहीतच नसलेल्या फाइल्सना, हात लावत नाही, त्यासाठी -यू द्यावं लागतं. माझ्या दोन नवीन फाइल्स फोल्डरमध्ये तशाच पडून राहिल्या, ब्रँच बदलल्यावर माझ्यासोबत हॉटफिक्स, म्हणजे तातडीच्या दुरुस्तीच्या, ब्रँचवर आल्या, आणि घाईत मी गिट ॲड डॉट केलं. अर्धवट लिहिलेला कोड थेट हॉटफिक्सच्या कमिटमध्ये गेला. रिव्ह्यू करणाऱ्या सहकाऱ्याच्या लक्षात आलं म्हणून तो पुढे गेला नाही. त्यानंतर मी वर्कट्री शिकले, आणि आता कोणी नवीन माणूस टीममध्ये आला की पहिल्या आठवड्यातच मी त्याला हे दाखवते, कारण मला मनापासून वाटतं की अर्धवट काम आवरून ठेवायची वेळच येता कामा नये, ते आहे तसं, आहे तिथे पडून राहिलं पाहिजे.

एक गोष्ट आधीच सांगते, या लेखात कमांड मी देवनागरीत लिहिल्यात, आपण त्या बोलतो तशा. टर्मिनलमध्ये अर्थातच नेहमीच्या इंग्रजी स्पेलिंगनेच टाइप करायच्या, आणि -बी, -डी, -यू असे एका अक्षराचे पर्याय सगळे लहान अक्षरात, -b, -d, -u असे.

आधी डोक्यात चित्र क्लिअर करूया

आपण एखादा प्रोजेक्ट क्लोन करतो तेव्हा एका फोल्डरमध्ये खरं तर दोन वेगळ्या गोष्टी येतात. एक म्हणजे .गिट नावाचं लपलेलं फोल्डर, त्यात सगळी हिस्ट्री, सगळे कमिट, सगळ्या ब्रँच, टॅग, सगळं असतं. हा झाला खरा रेपो. आणि दुसरं म्हणजे आपल्याला दिसणाऱ्या, एडिटरमध्ये उघडणाऱ्या फाइल्स, त्याला म्हणतात वर्किंग डिरेक्टरी किंवा वर्किंग ट्री. त्या फाइल्स म्हणजे रेपोमधल्या कुठल्यातरी एका कमिटची बाहेर काढून मांडलेली कॉपी, बाकी काही नाही.

सुरुवातीला सगळ्यांनाच वाटतं की हे दोन्ही एकच आहे, कारण ते कायम एकत्रच दिसतं. पण कपाट एक असलं म्हणून टेबलही एकच असलं पाहिजे असं कुठंय? कपाटातून एक फाइल काढून एका टेबलावर पसरा, दुसरी काढून दुसऱ्या टेबलावर पसरा. गिट वर्कट्री नेमकं हेच करतं. रेपो एकच, पण त्याला जोडलेली फोल्डर दोन, तीन, पाच, हवी तितकी, आणि प्रत्येक फोल्डरमध्ये वेगळी ब्रँच उघडलेली.

मग कोणी विचारतं की त्यापेक्षा दुसऱ्यांदा क्लोन केलं तर काय बिघडलं? बिघडत नाही काही, पुष्कळ लोक तेच करतात. पण दोन क्लोन म्हणजे दोन स्वतंत्र कपाटं. फेच दोन ठिकाणी करा, एका क्लोनमध्ये केलेला कमिट दुसऱ्याला माहीतच नाही, तो सर्व्हरवर पुश करून परत खाली ओढा, लोकल ब्रँच दोन्हीकडे वेगवेगळ्या, आणि महिन्याभराने कुठल्या क्लोनमध्ये काय राहून गेलंय हे कोणालाच आठवत नाही. वर्कट्रीमध्ये एका फोल्डरात कमिट केला की त्याच क्षणी तो दुसऱ्या फोल्डरातून दिसतो, फेच-पुश काही नाही. वर पाच वर्षांची जड हिस्ट्री डिस्कवर दोनदा साठत नाही, फक्त फाइल्सची एक जास्तीची कॉपी होते.

व्हर्जन बघून घ्या

गिट वर्कट्री आलं गिट २.५ मध्ये, जुलै २०१५ ला. त्याआधी गिटच्या सोर्ससोबत एक छोटी स्क्रिप्ट मिळायची जी सिम्बॉलिक लिंक लावून हेच काम करायची, पण ते नाजूक प्रकरण होतं. लिस्ट ही सबकमांड २.७ मध्ये आली आणि रिमूव्ह व मूव्ह २.१७ मध्ये, म्हणजे एप्रिल २०१८ ला. म्हणून गिट --व्हर्जन टाकून बघा आणि २.१७ पेक्षा जुनं असेल तर आधी अपडेट करा, नाहीतर खाली लिहिलेल्यातलं अर्धं चालणार नाही.

पहिली वर्कट्री बनवूया

समजा तुमच्या फोल्डरचं नाव प्रोजेक्ट आहे आणि त्यात तुम्ही फीचर-लॉगिन ब्रँचवर आहात, अर्धवट काम पडलंय. त्याला हात लावू नका. स्टॅश नको, डब्ल्यूआयपी (काम चालू आहे) नावाचा कमिट नको, काही नको. त्याच फोल्डरमध्ये उभं राहून आधी सर्व्हरवरचं ताजं ओढा:

गिट फेच ओरिजिन

ओरिजिन म्हणजे सर्व्हरवरच्या रेपोचं नेहमीचं नाव. फेच तुमच्या फाइल्सना शिवत नाही, त्यामुळे बिनधास्त करा. मग:

गिट वर्कट्री ॲड -बी हॉटफिक्स-पेमेंट ../प्रोजेक्ट-हॉटफिक्स ओरिजिन/मेन

ही ओळ नीट वाचा, कारण पुढचं सगळं हिच्यावर आहे. -बी नंतर आलं ते नव्या ब्रँचचं नाव. त्यानंतर नवीन फोल्डरचा पाथ, दोन डॉट म्हणजे एक पायरी वर, म्हणजे प्रोजेक्ट फोल्डरच्या शेजारी. आणि शेवटी ही ब्रँच कुठून फुटणार ते, इथे सर्व्हरवरच्या मेनपासून. एंटर मारलं की शेजारी नवीन फोल्डर तयार, त्यात मेनच्या ताज्या कमिटवरच्या फाइल्स मांडलेल्या, आणि तुम्ही सीडी करून आत गेलात की हॉटफिक्स-पेमेंट ब्रँचवर.

ब्रँच आधीपासून असेल तर -बी लागत नाही, फक्त पाथ आणि ब्रँच:

गिट वर्कट्री ॲड ../प्रोजेक्ट-रिपोर्ट फीचर-रिपोर्ट

यात फीचर-रिपोर्ट तुमच्याकडे लोकल नसली आणि फक्त सर्व्हरवर असली, तरी रिमोट एकच असेल तर गिट स्वतःहून लोकल ब्रँच बनवून सर्व्हरवरच्या ब्रँचला जोडून देतं. सहकाऱ्याची ब्रँच बघायची असेल तेव्हा हे फार सोयीचं पडतं.

नवीन लोक इथे एक चूक हमखास करतात, पाथ आणि ब्रँच यांची अदलाबदल. गिट चेकआउटची सवय असते ना, त्यामुळे हात आपोआप गिट वर्कट्री ॲड हॉटफिक्स असं टाइप करतो. गिट त्याचा अर्थ असा घेतं की हॉटफिक्स हा पाथ आहे, म्हणून आत्ताच्या फोल्डरच्या आतच हॉटफिक्स नावाचं फोल्डर बनवतं आणि त्याच नावाची ब्रँच पण (ती आधीच असेल तर तीच उघडतं). एरर येत नाही, त्यामुळे कळत पण नाही. मग मूळ फोल्डरच्या गिट स्टेटसमध्ये हॉटफिक्स/ असं अनट्रॅक्ड म्हणून दिसायला लागतं आणि सगळा सर्च पण दुप्पट रिझल्ट द्यायला लागतो. असं झालं तर घाबरू नका, गिट वर्कट्री रिमूव्ह हॉटफिक्स करा आणि परत नीट बनवा. लक्षात ठेवायचं एवढंच की ॲड नंतर पहिला मान पाथचा.

हे झालंय का ते बघा

गिट वर्कट्री लिस्ट

कुठल्याही फोल्डरमधून चालते ही. प्रत्येक वर्कट्रीची एक ओळ येते, पूर्ण पाथ, मग कमिटचा छोटा हॅश (त्याची ओळख सांगणारी अक्षरं-आकडे) आणि मग चौकोनी कंसात ब्रँचचं नाव. सगळ्यात वरची ओळ कायम मूळ फोल्डरची असते, ज्याला मेन वर्कट्री म्हणतात, इथे मेन म्हणजे मेन ब्रँच नाही हं, त्यात गल्लत करू नका. बाकीच्या सगळ्या लिंक्ड वर्कट्री. मेन वर्कट्रीच्या पोटात खरं .गिट फोल्डर असतं म्हणून ती रिमूव्ह करता येत नाही, गिट सरळ नाही म्हणतं.

आता एक मिनिट काढून नवीन फोल्डरमध्ये .गिट उघडून बघा. तिथे फोल्डर नसून एक साधी टेक्स्ट फाइल आहे. कॅट करून बघितलं तर आत एकच ओळ, गिटडिर: आणि पुढे मूळ रेपोच्या .गिट/वर्कट्रीज/प्रोजेक्ट-हॉटफिक्सचा पाथ. म्हणजे हे नवं फोल्डर फक्त बोट दाखवतंय की माझं कपाट तिकडे आहे. आणि तिकडे, मूळ .गिटच्या आत, वर्कट्रीज नावाच्या फोल्डरमध्ये या वर्कट्रीसाठी छोटीशी जागा केलेली असते, त्यात तिचा स्वतःचा हेड (आत्ता कुठल्या ब्रँचवर आहोत ती खूण) आणि स्वतःचा इंडेक्स (पुढच्या कमिटमध्ये काय जाणार त्याची नोंद). दोन्ही बाजूंनी एकमेकांचा पाथ लिहून ठेवलेला. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की पुढच्या निम्म्या अडचणींचं कारण स्वतःलाच सुचतं.

काम सुरू करायच्या आधी

इथे नवीन माणसाची निराशा होते. वर्कट्री बनवली, आत गेलो, ॲप सुरू केलं आणि एररचा पाऊस. कारण साधं आहे, गिट फक्त ट्रॅक केलेल्या फाइल्स मांडतं. नोड मॉड्यूल्स, पायथनचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, बिल्डचं आउटपुट, लोकल सेटिंगची .एन्व्ह फाइल, हे सगळं गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटने दुर्लक्ष करायच्या यादीत, असतं म्हणून नव्या फोल्डरमध्ये येत नाही. त्यामुळे डिपेंडन्सी परत इन्स्टॉल करा, एनपीएम वापरत असाल तर एनपीएम इन्स्टॉल, आणि .एन्व्ह हाताने कॉपी करा. पायथनचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट मात्र कॉपी करू नका, त्याच्या आत जुने पूर्ण पाथ कोरलेले असतात, कॉपी केलेलं चालल्यासारखं वाटतं आणि पॅकेज भलत्याच फोल्डरमध्ये जातात. नवीन बनवा. जावास्क्रिप्टवाल्यांनी पीएनपीएम बघावं, ते पॅकेज एकाच ठिकाणी साठवून हार्डलिंक लावतं, त्यामुळे चार वर्कट्री असल्या तरी डिस्क भरत नाही.

दोन्ही फोल्डरमध्ये एकाच वेळी सर्व्हर चालवायचा असेल तर पोर्ट वेगळा द्या. आणि डेटाबेसचा विचार जरूर करा. दोन्ही फोल्डरच्या .एन्व्हमध्ये एकाच लोकल डेटाबेसचं नाव असेल आणि फीचरच्या फोल्डरमध्ये तुम्ही टेबलं बदलणारं मायग्रेशन चालवलं असेल, तर हॉटफिक्सच्या फोल्डरमधला जुना कोड त्या बदललेल्या डेटाबेसवर आपटणार. वर्कट्री फाइल्स वेगळ्या करते, डेटाबेस वेगळा करत नाही.

एडिटरमध्ये नवीन फोल्डर वेगळ्या विंडोमध्येच उघडा. एकाच विंडोत दोन्ही फोल्डर घेतले की एकाच नावाच्या दोन फाइल्स टॅबमध्ये शेजारी शेजारी येतात आणि आपण भलत्याच फोल्डरमध्ये बदल करत बसतो.

काम करा, कमिट करा, पुश करा

यात शिकण्यासारखं नवीन काही नाही, नेहमीसारखंच. फक्त वर आपण ब्रँच ओरिजिन/मेनवरून फोडली, त्यामुळे गिटने तिचा अपस्ट्रीम, म्हणजे सर्व्हरवरची जोडीची ब्रँच, ओरिजिन/मेन धरलेला असतो, आणि नुसतं गिट पुश केलं तर नाव जुळत नाही म्हणून ते अडतं. पहिल्यांदा पुश करताना नाव द्या:

गिट पुश -यू ओरिजिन हॉटफिक्स-पेमेंट

एकदा केलं की पुढे नुसतं गिट पुश चालतं.

आता खरी मजा बघा. हॉटफिक्स कमिट झाला, तुम्ही सीडी करून परत प्रोजेक्ट फोल्डरमध्ये आलात. पंधरा-वीस फाइल्स तशाच अर्धवट, नवीन फाइल्स तशाच, एडिटरमधला कर्सर पण होता त्याच ओळीवर, टेस्ट वॉचर पण चालूच. आणि गिट लॉग हॉटफिक्स-पेमेंट केलं तर आत्ताचा कमिट दिसतोय, फेच न करता. तोच फिक्स तुमच्या फीचरमध्ये पण हवा असेल तर लगेच चेरी-पिक करू शकता, म्हणजे तेवढाच कमिट उचलून इकडे आणू शकता. मोठ्या प्रोजेक्टवाल्यांना आणखी एक फायदा मिळतो, ब्रँच बदलली की ज्या फाइल्स वेगळ्या आहेत त्या गिट नव्याने लिहितं, त्यांची वेळ बदलते, आणि मेकसारखी बिल्ड टूल्स तेवढा सगळा भाग परत कंपाइल करतात. दोन ब्रँच दोन फोल्डरमध्ये असल्या की बिल्ड जागच्या जागी राहतं.

एक ब्रँच, एकच फोल्डर

हा नियम आज ना उद्या तुम्हाला आडवा येणारच, म्हणून जरा थांबून समजून घेऊ. तुम्ही एखादी ब्रँच एका वर्कट्रीमध्ये उघडली असेल आणि दुसरीकडे तीच चेकआउट करायला गेलात तर गिट फेटल म्हणून ओरडतं, ऑलरेडी युज्ड बाय वर्कट्री ॲट आणि पुढे पाथ. जुन्या व्हर्जनमध्ये ऑलरेडी चेक्ड आउट ॲट असं येतं. लोक चिडतात आणि --फोर्स मारतात. नका मारू.

कारण असं की ब्रँच म्हणजे फक्त एक नाव, जे एका कमिटकडे बोट दाखवतं, आणि हे नाव सगळ्या वर्कट्रींमध्ये एकच आहे. समजा दोन्ही फोल्डरमध्ये मेन उघडलीय. पहिल्या फोल्डरमध्ये तुम्ही कमिट केला, मेन एक पाऊल पुढे सरकली. पण दुसऱ्या फोल्डरमधल्या फाइल्स आणि इंडेक्स अजून जुन्याच कमिटवरचे आहेत, त्यांना कोणी सांगितलंच नाही. तिथे गिट स्टेटस केलं की असं दिसणार जणू तुम्ही आत्ताच केलेले सगळे बदल कोणीतरी उलटे फिरवून स्टेज करून ठेवलेत. आणि न बघता तिथे कमिट मारला तर खरंच पहिल्या कमिटमधले बदल उलटे फिरणार. हे होऊ नये म्हणून गिट अडवतं, आणि ते बरोबर करतं.

तुम्हाला फक्त बघायचंय किंवा चालवून बघायचंय, कमिट करायचंच नाहीये, तर डिटॅच वापरा:

गिट वर्कट्री ॲड --डिटॅच ../प्रोजेक्ट-रिव्ह्यू ओरिजिन/फीचर-रिपोर्ट

यात ब्रँच पकडलीच जात नाही, नुसत्या फाइल्स त्या कमिटवर मांडल्या जातात, त्यामुळे कोणाशी टक्कर नाही. मी रिव्ह्यूसाठी अशी एक वर्कट्री कायमची ठेवलीय. नवीन पुल रिक्वेस्ट आली की तिथे जायचं, फेच करायचं, गिट स्विच --डिटॅच करून त्या ब्रँचच्या टोकावर उभं राहायचं, कोड चालवून बघायचा. डिपेंडन्सी आधीच इन्स्टॉल असतात, त्यामुळे मिनिटात काम सुरू. आधी मी रिव्ह्यू ब्राउझरमध्ये डिफ वाचूनच करायचे, कारण ब्रँच बदलायचा कंटाळा. आता चालवून बघते, आणि चालवून बघितल्यावर जे सापडतं ते डिफ वाचून कधीच सापडलं नसतं.

याच नियमाचं दुसरं टोक म्हणजे ब्रँच डिलीट होत नाही. गिट ब्रँच -डी केलं आणि गिट नाही म्हणालं तर ती ब्रँच कुठल्यातरी वर्कट्रीमध्ये उघडी आहे. गिट ब्रँच केल्यावर ज्या ओळीच्या आधी अधिकचं चिन्ह आहे ती ब्रँच दुसऱ्या फोल्डरमध्ये आहे असं समजा, ताऱ्याचं चिन्ह असलेली ती इथली.

काय सामायिक आहे आणि काय नाही

कमिट, ब्रँच, टॅग, रिमोट, कॉन्फिग आणि हुक (कमिटसारख्या वेळी आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्ट) सगळ्यांचे एकच. हेड, इंडेक्स आणि अर्धवट राहिलेलं मर्ज किंवा रिबेस, हे ज्याचं त्याचं. बायसेक्ट, म्हणजे बग कुठल्या कमिटने आला ते निम्मे-निम्मे करत शोधणं, पण ज्याचं त्याचं, त्यामुळे एका वर्कट्रीमध्ये बायसेक्ट लावून जुना बग शोधत ठेवायचा आणि दुसरीकडे निवांत कोड लिहायचा, हे जमतं.

पण स्टॅश? स्टॅश सामायिक आहे. यावर लोक फसतात. हॉटफिक्सच्या फोल्डरमध्ये गिट स्टॅश पॉप केलं आणि फीचरच्या फोल्डरमध्ये ठेवलेला स्टॅश तिथे येऊन पडला, असं होतं. म्हणून स्टॅश करायचाच असेल तर गिट स्टॅश पुश -एम देऊन नाव लिहा, आणि पॉप करायच्या आधी गिट स्टॅश लिस्ट बघा. खरं सांगायचं तर वर्कट्री वापरायला लागल्यापासून मला स्टॅशची गरज महिन्यातून एखाद वेळा पडते.

कॉन्फिग एकच असल्यामुळे हॉटफिक्सच्या फोल्डरमध्ये गिट कॉन्फिगने ईमेल बदललात तर तो सगळीकडे बदलतो. एखाद्या वर्कट्रीपुरतंच सेटिंग हवं असेल तर एक्स्टेन्शन्स.वर्कट्रीकॉन्फिग हे ट्रू करून मग गिट कॉन्फिग --वर्कट्री वापरतात, पण सुरुवातीला त्यात पडू नका.

काम संपलं, आता आवरायचं

आधी त्या फोल्डरमधून बाहेर या, मग:

गिट वर्कट्री रिमूव्ह ../प्रोजेक्ट-हॉटफिक्स

फोल्डर पण जातं आणि .गिटच्या आतली नोंद पण जाते. ब्रँच आणि तिचे कमिट मात्र तसेच राहतात, त्यांना काही होत नाही. आत कमिट न केलेले बदल किंवा अनट्रॅक्ड फाइल्स असतील तर गिट अडवतं, तेव्हा थेट --फोर्स न मारता आत जाऊन काय राहिलंय ते बघा.

आणि हे ठळक अक्षरात वाचा: गिटइग्नोरमधल्या फाइल्ससाठी गिट अडवत नाही. त्या वर्कट्रीमधल्या .एन्व्हमध्ये तुम्ही नवीन की टाकली असेल, लोकल एसक्यूलाइटची फाइल असेल, इग्नोर केलेल्या फोल्डरमध्ये टिपणं लिहून ठेवली असतील, तर सगळं एका शब्दानेही न विचारता जातं, आणि गिटमध्ये ते कधीच नव्हतं म्हणून परत पण येत नाही. रिमूव्हच्या आधी गिट स्टेटस --इग्नोर्ड करायची सवय लावा, दोन सेकंद लागतात.

फोल्डर तुम्ही चुकून फाइल मॅनेजरमधूनच उडवलं तर? मोठं नुकसान नाही, पण गिटच्या वहीत नोंद राहते आणि ती ब्रँच अजून उघडीच आहे असं त्याला वाटत राहतं. गिट वर्कट्री प्रून करा, मेलेल्या नोंदी साफ होतात. काही नाही केलं तरी गिट आपल्या नेहमीच्या साफसफाईत डीफॉल्टने ३ महिन्यांनी त्या काढतंच. याच कारणामुळे वर्कट्री जर पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर ठेवली असेल तर ती डिस्क काढलेली असताना गिटला वाटेल की फोल्डर गेलं. तिथे गिट वर्कट्री लॉक करून ठेवा, मग प्रून तिला शिवत नाही.

अडलं तर

फोल्डरचं नाव किंवा जागा बदलायची असेल तर ड्रॅग करू नका, गिट वर्कट्री मूव्ह वापरा, ती दोन्ही बाजूचे पाथ बदलते. आधीच हलवून बसला असाल तर गिट वर्कट्री रिपेअर आहे, गिट २.२९ पासून. मूळ फोल्डर हलवलं असेल तर मूळ फोल्डरमध्ये चालवा, लिंक्ड वर्कट्री हलवली असेल तर त्या हलवलेल्या वर्कट्रीच्या आत चालवा, आणि दोन्ही हलवली असतील तर मूळ फोल्डरमध्ये जाऊन रिपेअरच्या पुढे वर्कट्रीचे नवे पाथ द्या.

डॉकरमध्ये फक्त वर्कट्रीचं फोल्डर माउंट केलं आणि आत गिट नॉट अ गिट रिपॉझिटरी म्हणतंय, ही तक्रार मी पुष्कळदा ऐकलीय. आता तुम्हाला कारण लगेच कळेल, ती .गिटची एक ओळीची फाइल बाहेरच्या पूर्ण पाथकडे बोट दाखवतेय आणि कंटेनरच्या आत तो पाथच नाहीये. मूळ रेपो पण त्याच पाथवर माउंट करा, किंवा कंटेनरच्या आत गिट वापरूच नका.

सबमॉड्यूल, म्हणजे रेपोच्या आत जोडलेले दुसरे रेपो, असलेल्या रेपोमध्ये जपून. प्रत्येक वर्कट्रीमध्ये सबमॉड्यूल नव्याने इनिशियलाइझ करावे लागतात, अशी वर्कट्री मूव्ह होत नाही आणि रिमूव्ह करायला --फोर्स लागतं. प्रोजेक्ट सबमॉड्यूलने भरलेला असेल तर मी सरळ वेगळा क्लोन घ्या असंच सांगेन.

किती ठेवाव्यात

हल्ली कोड लिहिणारे एआय एजंट एकाच वेळी तीन-चार कामांवर लावायची पद्धत आलीय आणि तिथे प्रत्येकाला वेगळी वर्कट्री देणं फार उपयोगी पडतं, एकमेकांच्या फाइल्सवर कोणी लिहीत नाही. पण माणसासाठी तीनच्या वर गेलं की कुठं काय चाललंय ते हातातून सुटतं. माझ्याकडे प्रोजेक्ट, प्रोजेक्ट-रिव्ह्यू आणि गरज पडली तर प्रोजेक्ट-हॉटफिक्स, बस. नावाची सुरुवात सगळ्यांची सारखी ठेवली की फाइल मॅनेजरमध्ये ती एका खाली एक येतात, आणि टर्मिनलच्या प्रॉम्प्टमध्ये ब्रँचचं नाव दिसेल असं सेटिंग करून घ्या, म्हणजे आपण कुठल्या फोल्डरमध्ये आहोत हे प्रत्येक कमांडच्या आधी डोळ्यांसमोर असतं.

दर शुक्रवारी काम बंद करायच्या आधी मी गिट वर्कट्री लिस्ट मारते. ज्या ओळीतली ब्रँच मर्ज झालीय तिचं फोल्डर रिमूव्ह, मग गिट ब्रँच -डी आणि त्या ब्रँचचं नाव. यात आधी फोल्डर आणि मग ब्रँच हाच क्रम, उलट केलात तर गिट अडवणारच. मग गिट वर्कट्री प्रून -एन -व्ही, यात -एन असल्यामुळे काही डिलीट होत नाही, फक्त कुठल्या नोंदी जाणार ते दिसतं. यादी बरोबर वाटली की तीच कमांड -एन काढून परत.